दोन बाजूंचं माप

शिवणवाल्या मावशींची मुलगी जिन्यात झोपते, ही बातमी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आणली. काकूंची बातमी जिना उतरता उतरता बाळसं धरते, हे त्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी सगळे ती कडेवर घेतात. एक मजला खाली येईपर्यंत मुलीला आईने घराबाहेर काढलं होतं. आणखी एक मजला खाली ती समोरच्या औषधाच्या दुकानातल्या गोऱ्यागोमट्या विक्रेत्याच्या प्रेमात पडली होती आणि तो दिसावा म्हणून जिन्याच्या वळणावर खिडकीखाली आडवी पडत होती. आडव्या पडलेल्या माणसाला खिडकीतून आभाळाशिवाय काय दिसणार, हा प्रश्न कुणाला पडला नाही. बातमी तळमजल्याला टेकली तेव्हा तिला झटके येऊ लागले होते, आणि रखवालदार येता-जाता तिच्या नाकापुढे हात धरून श्वास चालू आहे ना ते बघत होता.

खरी गोष्ट एवढीशी होती. तिची पाठ दुखायची, आणि घरात आडवं व्हायला सपाट जागा नव्हती.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत एकुलता पलंग, आणि दिवसा त्यावर वडील. ते बेकरीत रात्रपाळीला. शहर जागं व्हायच्या आत शहराचा पाव भाजून सकाळी घरी येत आणि दुपार कलेपर्यंत आतलं दार लोटलेलं असे. त्या दारामुळे घरात सगळ्यांनाच हळू बोलायची सवय लागलेली. भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची. बाहेरच्या खोलीत मावशींचं राज्य. खिडकीशी पायाचं मशीन, भिंतीला उभा आरसा, कोपऱ्यात इस्त्री, आणि मधोमध बेतायचं टेबल. घरातली लांबरुंद, कडक, सपाट जागा म्हणजे हे टेबल, पण त्यावर कायम कुणाचा तरी झगा नाहीतर कुणाचे तरी पडदे पसरलेले. खाली जमिनीवर बेतलेले तुकडे, चिंध्या आणि टाचण्या. म्हणून शाळेतून आलं की मुलगी दप्तर ठेवायची, एक जुनी चादर काखोटीला मारायची आणि जिन्याच्या वळणावरच्या गार फरशीवर उताणी व्हायची, पाय वरच्या पायरीवर टाकून. दुखणं जात नसे. फरशी त्यातलं थोडं वाटून घेई, इतकंच.

तिला सगळे टाचणी म्हणत. खरं नाव शाळेच्या पटावर असेल, जिन्यात ते कधी कुणी वापरलं नाही. चालायला लागली तेव्हापासून दोऱ्याला चुंबक बांधून जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायच्या, हे तिचं काम. शिवाय अंगाने बारीक आणि ताठ. मावशी गिऱ्हाइकांना सांगत, "टाचणीसारखी सरळ आहे. हिच्या अंगावर कुठलंही कापड छान पडतं." हे कौतुकही होतं आणि धंदाही. मावशींकडे ना पाटी, ना काचेच्या कपाटातला पुतळा. नवा गळा, नवी बाही, नवा घेर जमला की तो आधी टाचणीच्या अंगावर चढे आणि टाचणीला काहीतरी निमित्त काढून इमारतीतून एक फेरी मारायला लावत. कधी साखर मागायला, कधी उसनी साखर परत करायला. पुढच्या आठवड्यात तोच गळा चार घरांत शिवायला येई.

तेराव्या वर्षी टाचणी एकदम वाढली. सहा महिन्यांत सगळे कपडे आखूड झाले, आणि त्याच सुमाराला उजव्या खांद्याच्या पात्याखाली काहीतरी बोचू लागलं. तिने आईला सांगितलं ते आपल्याच भाषेत सांगितलं: फिटिंग करताना तू एक टाचणी आत विसरलीस, असं वाटतंय. मावशींनी खरंच शर्ट काढायला लावला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. काही नव्हतं.

बोचणं तसंच राहिलं. बाकावर दोन तास बसलं की ते बरगडीवरून पुढे येई, उभं राहिलं की कमरेत उतरे. सकाळी उठताना पाठ आधी उठायला तयार नसे; तिला समजावून, कुशीवर वळवून, हाताने रेटून उठवावी लागे, आळशी पाहुण्यासारखी.

मग इमारतीने मनावर घेतलं. ज्याला त्याला पाठीतलं कळत होतं. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन म्हणाले, दप्तराचं ओझं. आणि आपण खांद्यावरून किती मणांची पत्रं वाहिली ते सांगत त्यांनी तिला तासभर उभं धरलं. काकू म्हणाल्या, मोबाइल. टाचणीकडे मोबाइल नव्हता, हे कळल्यावर म्हणाल्या, मग नसल्यामुळे असेल, मुलं घरात बसून राहतात. एकीने तिची लांब वेणी कापायला सांगितली, वेणीचं वजन पाठीला सोसत नाही म्हणून. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, की या वयात आम्हाला पाठ आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

शाळेत कवायतीच्या बाई तर सरळ हसल्या. एवढी ताठ मुलगी, रांगेत सगळ्यांत सरळ उभी राहणारी, आणि हिची पाठ दुखते? कवायत चुकवायची तर पोटदुखी सांगावी, ती निदान जुनी आहे.

टाचणीला राग यायचा तो इथे. दुखतं ते एक वेळ सोसता येतं. दुखतं हे पटवत बसणं सोसत नाही. पोटदुखीला ताप असतो, पडलेल्याला प्लास्टर असतं. हिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. पुढे पुढे ती स्वतःही आरशापुढे उभी राहून स्वतःला तपासू लागली, की खरंच दुखतंय का आपण नाटक करतोय. आरसा म्हणायचा, काही नाही, सरळ आहेस.

आरसा खोटं का बोलत होता, ते मावशींचा हात भाजला तेव्हा कळलं.

इस्त्री हातावर पडली, तळवा सोलून निघाला, आणि महिनाभर कातर धरायची नाही असं झालं. नेमकी त्याच वेळी शाळा उघडत होती आणि टाचणीला नवा गणवेश हवा होता. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलीचा शर्ट दुसऱ्याकडे शिवायला टाकला, बाजारातल्या मास्तरांकडे. मास्तर आणि मावशी यांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. मावशींच्या मते मास्तरांचा हात जड, मास्तरांच्या मते मावशींची जीभ.

शर्ट आला. टाचणीने घातला आणि मावशी दारातूनच हळहळल्या. गळा एकीकडे झुकलेला, डावा खांदा उतरलेला, उजवीकडे पाठीत कापड ताणून फुगलेलं, खालची कड एका बाजूला वर. "नाचता येईना अंगण वाकडं," मावशी पुटपुटल्या, "आणि याला लोक मास्तर म्हणतात." शर्ट अंगावर तसाच ठेवून, बांधलेला हात छातीशी धरून, त्या मुलीला घेऊन थेट बाजारात गेल्या. पुरावा बरोबर हवा.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मावशींना तेच हवं होतं. त्यांनी टाचणीला मधोमध उभं केलं, वळवलं, चारचौघांत खांद्यावर बोट ठेवून दाखवलं, आणि विचारलं की हे काय शिवलंय. मास्तरांनी चष्मा वर केला. ते बराच वेळ शर्टाकडे बघत होते, मग शर्टाकडे बघायचे थांबले आणि टाचणीकडे बघू लागले. मग म्हणाले, पडद्यामागे जाऊन शर्ट काढून दे बाळ, तोवर तिथे टांगलेला कुठलाही घाल.

इथे शिवणकामातली एक गोष्ट सांगायला हवी. शिवणाऱ्या माणसाचं देहाबद्दल एक ठाम मत असतं: माणूस हा मधोमध घडी घालावी असा असतो. कापड दुमडायचं, एका बाजूचं माप खडूने आखायचं आणि दुहेरी कापडावर एकदाच कातर चालवायची. घडी उघडली की दोन्ही बाजू जुळ्या बहिणी. निम्मा माणूस मापला की पुरा माणूस झाला. मावशींच्या वहीत कधी कुणाचे दोन खांदे नव्हते, एकच होता.

मास्तरांनी नवा शर्ट टेबलावर सरळ केला, गळ्याच्या मध्यापासून खालपर्यंत घडी घातली आणि हाताने दाबली. खांद्यावर खांदा बसला. बाहीवर बाही. कडेवर कड. कुठे सुताइतकाही फरक नव्हता. मग त्यांनी टाचणीच्या मापाचा दुसरा शर्ट मागितला. टाचणीच्या पिशवीत गेल्या वर्षीचा होता, मावशींनी शिवलेला, नमुना म्हणून आणलेला. तोही त्यांनी तसाच मधोमध दुमडला.

तो दुमडला गेला नाही. म्हणजे दुमडला, पण जुळला नाही. डाव्या खांद्यात अस्तराची एक जादा घडी होती. उजव्या पाठीत चिमूटभर कापड सैल सोडलेलं होतं. खालची कड एकीकडे बोटभर जास्त दुमडलेली होती. मास्तर मावशींचे शत्रू होते, आणि शत्रूला मिळावी तशी संधी त्यांना मिळाली होती. ते म्हणाले एवढंच, "बाई, पोरीला डॉक्टरकडे न्या." आणि शर्टाचे पैसे घेतले नाहीत. मावशींना त्याचंच जास्त लागलं.

घरी येताना त्या जुना शर्ट छातीशी धरून टाचणीच्या दोन पावलं पुढे चालल्या.  टाचणीला आधी वाटलं, आई अपमानाने घाईत आहे. घरी पोचल्यावर मावशींनी पलंगाखालची पेटी ओढली, टाचणीचे जुने झगे, शर्ट काढले आणि एकेक उलटा करून टेबलावर दुमडू लागल्या. सगळ्यांत अलीकडचे बरेच जुळेनात. मागचे थोडेसे जुळेनात. अगदी लहानपणचे जुळले. म्हणजे केव्हापासून ते पेटीत होतं, फक्त वाचणारं कुणी नव्हतं.

हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की केलंच नाही. फिटिंगला टाचणी आरशापुढे उभी राहायची, कापड एकीकडे ओढायचं, आणि मावशी तोंडात टाचण्या धरून म्हणायच्या, या कापडाला ओढ आहे, नाहीतर, बाजारात हल्ली कापड धड मिळत नाही. हात आपोआप जायचा. इथे चिमूट, तिथे घडी. आरशात मुलगी सरळ दिसली की काम झालं. तीन वर्षं त्यांनी कापडाला शिव्या दिल्या आणि मुलीला सरळ शिवत राहिल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हाडांच्या डॉक्टरांनी टाचणीला कमरेतून पुढे वाकायला लावलं, हात लोंबते सोडून. वाकल्यावर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आली, जमिनीखालून मूळ वर यावं तशी. मावशींनी ते पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मुलीची पाठ कधी वाकलेली मापली नव्हती. मापं उभ्याने घेतात. मग क्ष-किरणांचा फोटो निघाला. पांढऱ्या मण्यांची माळ, मधेच एका बाजूला हलकेच झुकलेली.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी नीट समजावलं. बाक थोडा आहे. ऑपरेशन लागणार नाही, पट्टाही नको. व्यायाम करायचा, पाठीचे स्नायू बळकट करायचे, वाढ पुरी होईपर्यंत अधूनमधून फोटो काढून बाक वाढत नाही ना ते बघायचं. काही मुलांचे कणे वाढताना असे वळतात; दप्तराने नाही, बसण्याने नाही, कुणाच्या चुकीने नाही. टाचणीने विचारलं, दुखायचं थांबेल का? डॉक्टर म्हणाले, कमी-जास्त होत राहील, बऱ्याच जणांना सवय होते. मावशींनी विचारलं, तीन वर्षांपूर्वी आणली असती तर? ते म्हणाले, तेव्हाही व्यायामच सांगितला असता. एवढं स्पष्ट सांगितलं तरी मावशींच्या कानांनी त्यातला आपल्याला हवा तेवढा तुकडा बेतून घेतला: तेव्हाही सांगितला असता. म्हणजे तेव्हा सांगायला हवा होता.

टाचणीच्या मनात राहिला तो दुसराच शब्द. थोडा. वडिलांनी विचारलं, आई म्हणाली, थोडा आहे. काकूंनी विचारलं, आई म्हणाली, थोडा आहे. थोडा म्हटलं की समोरच्याचा चेहरा सुटायचा आणि विषय संपायचा. बाक थोडा होता हे खरं. पण दुखणं बाकाला विचारून दुखत नव्हतं.

व्यायाम सुरू झाला. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या ताईंनी शिकवलेलं ती जिन्याच्या वळणावरच करायची, कारण घरात जी जागा आधी नव्हती ती अजूनही नव्हतीच. हातागुडघ्यांवर मांजर व्हायचं, पाठ वर न्यायची, खाली सोडायची. एका कुशीवर फळीसारखं उचलून धरायचं आणि थरथर सुटेपर्यंत थांबायचं. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन तिच्यावरून पाय टाकून जायचे. पोस्टमनकाका दोन पायऱ्यांवर बसून, पाहुण्या पंचासारखे, "अजून जरा, अजून जरा" म्हणायचे. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. बाकावर बसताना कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल, जो मुलींनी दोनदा लपवला. आणि वडील. वडील फारसं बोलत नसत. डॉक्टरकडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते बेकरीतून निघताना भट्टीच्या कडेला जाड्या मिठाची पुरचुंडी ठेवायचे, ती फडक्यात गुंडाळून, कोटाच्या आत धरून घरी आणायचे आणि मुलगी उठायच्या आधी तिच्या पाठीखाली सरकवायचे. सगळा जिना चढून आल्यावरही ती ऊन असायची. त्या अर्ध्या तासाला टाचणी दिवसातला आपला तास म्हणायची.

मावशींचा हात बरा झाला. आणि तो बरा झाल्यावर त्यांनी जे सुरू केलं ते आधीपेक्षा वाईट होतं, कारण आता त्या ते जाणून करत होत्या. आता खांद्यात नुसती अस्तराची घडी नव्हती; कापसाचं, तीन थरांचं, कडा विरत नेलेलं पॅड होतं, सुबक, चिमणीच्या पंखाएवढं. पाठीतले टक्स असे घातले की बाहेर आलेलं पातं गायब. घेर असा कापला की दोन्ही कडा जमिनीपासून सारख्या. इतकं चांगलं काम त्यांनी गिऱ्हाइकांसाठी कधी केलं नव्हतं. टाचणी कधी नव्हती इतकी सरळ दिसू लागली. काकूसुद्धा म्हणाल्या, बरी झाली की गं पोरगी.

त्यातच शाळेत वार्षिक समारंभाची तयारी सुरू झाली आणि सभागृहातले बाक वर्गांत हलवायचे होते. टाचणी बाजूला उभी राहिली. कवायतीच्या बाईंनी कारण विचारलं. तिने पाठीच्या कण्याला बाक आहे म्हणून सांगितलं. बाईंनी तिला वर्गासमोर पाठमोरं केलं, खांद्यांवरून, कमरेवरून नजर टाकली आणि म्हणाल्या, "दिसत तर काही नाही." मुली हसल्या. टाचणीने बाक उचलला. एक नाही, रांगच्या रांग, रागारागाने.

दुसऱ्या दिवशी तिला पलंगावरून उठता आलं नाही. मिठाची पुरचुंडी गार झाली तरी ती तशीच पडून होती, तोंड भिंतीकडे करून. रडत होती असं नाही. रडताना पाठ हलते, म्हणून ती रडतही नव्हती.

चालायला लागल्यावर तिने पहिलं काम हे केलं. दुपारी, मावशी दोरा आणायला गेल्या असताना, उसवायचं पातं घेतलं आणि कपाटातल्या आपल्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या खांद्यातलं पॅड उसवून काढलं. टाके तोडले, पाठीतले टक्सही सोडले. मावशी परत आल्या तेव्हा टेबलावर, कुणाच्या तरी पडद्याच्या कापडावर, पॅडांचा ढीग होता. चिमण्या मरून पडाव्या तसा.

आतलं दार लोटलेलं होतं. भांडण कुजबुजत झालं. मावशी म्हणत होत्या की रात्र रात्र बसून केलेलं हे काम, की उद्या तू माझ्या हातचं घालून बाहेर पडशील आणि लोक म्हणतील शिवणारीला स्वतःच्या मुलीचा खांदा बसवता येत नाही, की सहा घरांचं काम माझ्या हातातून जाईल ते वेगळं, पण तुला उभ्या उभ्या न्याहाळतील, तुझ्या तोंडावर कीव करतील, ते मला बघवणार नाही. टाचणी ऐकत होती. मग म्हणाली,

"आई, तू चांगलं शिवतेस ना, म्हणून माझं कुणी खरं मानत नाही."

मावशींच्या हातात दोऱ्याची रिळं होती. त्या ती रंगाप्रमाणे लावत बसल्या, लावून झाल्यावर पुन्हा मोडून लावत बसल्या.

"मी तुला लपवत नव्हते गं," त्या शेवटी म्हणाल्या.

"माहितेय. तू मला सरळ करत होतीस," टाचणी म्हणाली. "पण मी होत नाही ना."

त्यानंतर बरेच दिवस मावशींनी मुलीसाठी काही शिवलं नाही. टाचणी उसवलेले कपडे घालून फिरत होती, खांद्यावर टाक्यांची भोकं घेऊन. मायलेकी बोलत होत्या, म्हणजे दूध आलं का, मीठ संपलंय, एवढं. मशीन चालू असे, पण मधेमधे थांबे, आणि थांबलं की घरात फार शांत वाटे. आतल्या दारामागे वडील जागे असत. तेही आवाज करत नसत.

एका दुपारी टाचणी शाळेतून आली, नेहमीप्रमाणे दप्तर ठेवलं, चादर काखेत घेतली. मावशी टेबलाशी उभ्या होत्या आणि टेबलावर काही नव्हतं. खडूचा कण नाही, चिंधी नाही. लाकूड पुसलेलं. तिने ते टेबल इतकं उघडं कधी पाहिलंच नव्हतं. त्यावर कातरीच्या किती रेघा होत्या.

"चढ वर," मावशी म्हणाल्या. "जिन्यात नको."

टाचणी पालथी झोपली. लाकूड कडक होतं, फरशीपेक्षा उबदार. मावशींनी शर्ट वर सारला. मग मानेच्या खालच्या हाडापासून सुरुवात केली. एकेका मणक्यावर खडूचा ठिपका ठेवत खाली आल्या. ठिपक्यांची ओळ मधे कलली तिथे त्यांचं बोट थांबलं, पुन्हा निघालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हात काही दुरुस्त करत नव्हता. टाचणीला गुदगुल्या होत होत्या आणि हसू येत नव्हतं.

"इथे दुखतं?"

"वर. हां. तिथे."

"नेहमी?"

"नेहमी."

मावशींनी तिला उठवून उभं केलं आणि मापं घेतली. डावा खांदा. मग उजवा खांदा. डाव्या खांद्यापासून कंबर, उजव्या खांद्यापासून कंबर. प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत, शाळेतल्या मुलीने पाढे म्हणावे तसा, आणि वहीत प्रत्येक मापापुढे दोन आकडे. मधेच टेपचं दुसरं टोक धरून एक आकडा टाचणीनेच मोठ्याने वाचला.

मग पेटीतून गडद निळं कापड निघालं. चांगल्या प्रसंगासाठी ठेवलेलं, गेली कित्येक वर्षं कुठलाच प्रसंग पुरेसा चांगला न ठरलेलं. मावशींनी सवयीने ते दुमडलं. हात घडीवर दाबायला गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी घडी उघडली, कापड एकेरी पसरलं, संपूर्ण टेबलभर, आणि डावी बाजू वेगळी आखली, उजवी बाजू वेगळी आखली. कातर चालवताना त्यांचे ओठ हलत होते. कापडाला शिव्या देत नव्हत्या. टाचणीला नक्की कळलं नाही, पण तिला वाटलं, ती माफी होती आणि ती कापडाकडे मागितली जात होती, कारण मुलीकडे मागायला तोंड नव्हतं.

शरीर जसं होतं तसा झगा बेतला गेला. कुठे ताण नाही, कुठे चुणी नाही, बोचणाऱ्या पात्यावर कापड हात ठेवल्यासारखं पडलेलं. आणि डावा खांदा उतरलेला. गळ्याची रेघ कललेली. आरशापुढे उभं राहिल्यावर दोघींनाही ते दिसलं. मावशींचा हात तोंडाशी गेला, जिथे टाचण्या धरायच्या असत तिथे. टाचण्या नव्हत्या. त्यांनी हात खाली घेतला.

दुखणं काही कमी झालं नाही. त्या संध्याकाळीही टाचणी टेबलावर पडून होती आणि मावशी गिऱ्हाइकाचे पडदे मांडीवर घेऊन शिवत होत्या, वाकून, स्वतःची पाठ मोडून. आता रोज दुपारी टेबल मोकळं करायचं असं ठरलं होतं. त्यामुळे काम मागे पडू लागलं, आणि एक-दोन घरं बाजारातल्या मास्तरांकडे जाऊ लागली. मास्तर त्यांना म्हणे सांगत, बाईंचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, त्यांच्याकडेच जा. पण शत्रूची शिफारस कोण मानतो.

निळा झगा घालून टाचणी पहिल्यांदा बाहेर पडली ती साखर परत करायला. मावशींनी पाठवलं नव्हतं. तीच वाटी घेऊन निघाली. जिन्याच्या वळणावर, तिच्याच फरशीवर, वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. काकूंनी तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पुन्हा पुढून पाहिलं. काकूंच्या डोळ्यांत एक नवी बातमी बाळसं धरू लागली. त्यांनी तिच्या डाव्या खांद्यावरून हात फिरवला, कापड चिमटीत धरून पाहिलं, आणि आवाजात शक्य तेवढी माया आणून विचारलं, तुझ्या आईचा भाजलेला हात अजून नीट झाला नाही वाटतं, शिवण पार बिघडलीय.

वर दार उघडं होतं आणि मशीन थांबलं होतं.

"शिवण अगदी बरोबर आहे, काकू," टाचणी म्हणाली. "वाकडी मी आहे. थोडी."